२३ महिने, नऊ शब्द. थांबायचं की दाखवायचं?

सिंहगडरोडकर

मुलगा २३ महिन्यांचा आहे. चालणं, पळणं, जिना चढणं सगळं वेळेवर झालं, बोलणं मात्र अडलंय. कागदावर लिहून काढले तर नऊ शब्द भरले: आई, बाबा, आजी, भुभू, भुर्र, मम्म, नको, बत्तीला ‘बॅ’ आणि गेलं म्हणायला ‘गे’. दोन शब्द जोडून अजून एकदाही बोललेला नाही. मोबाइलवर ऐकून एक ते दहा आकडे आणि अर्धी एबीसीडी म्हणतो. ती धरायची की नाही कळत नाही.

घरी मराठी. पाळणाघरातल्या मावशी हिंदी बोलतात, आणि आम्ही दोघं मधूनमधून इंग्रजी झाडतो. जन्मल्यावर कानाची तपासणी झाली होती, ‘पास’ असा कागद आहे. काही हवं असलं की आमचा हात धरून फ्रिजपाशी नेतो. सांगितलेलं सगळं समजतं असं आम्हाला वाटतं. जेवताना मोबाइल लागतो, एकूण दिवसाचा दीड-दोन तास तरी होतो. पाळणाघर सुरू झाल्यापासून, म्हणजे जूनपासून सर्दी सुटत नाही.

सासूबाईंचं म्हणणं, मुलगे उशिराच बोलतात, याचा बाबाही तीन वर्षांचा होईस्तोवर बोलत नव्हता. त्या वेखंड मधात उगाळून जिभेला लावतात. शेजारी म्हणतात जीभ खाली चिकटली असेल. कोणी म्हणतं प्लेग्रुपला घाला, आपोआप बोलेल. आधी काय करायचं, आणि घरी रोज नेमकं काय करायचं? ‘त्याच्याशी खूप बोला’ एवढंच नको, ते चालूच आहे.


वाचाउपचार_कोथरूड

आधी कान. पण कानाच्या तपासणीची तारीख मिळेपर्यंत घरचं काम थांबवू नका, दोन्ही एकदमच सुरू करा. कानाचं इथले श्रवणतज्ज्ञ लिहितीलच, मी बोलण्याचं लिहिते.

शब्द मोजण्याची रीत अशी: मुलाने स्वतःहून, अर्थ धरून, दर वेळी साधारण त्याच आवाजात म्हटलेला तो शब्द. उच्चार मोडका असला तरी चालतो. त्यामुळे ‘बॅ’ आणि ‘गे’ पक्के धरायचे, भुभू आणि भुर्रही धरायचे. तुमच्यामागून म्हटलेलं धरायचं नाही. आकडे आणि एबीसीडी हे सध्या नुसतं पाठांतर आहे. ज्या दिवशी दोन बिस्किटं हवीत म्हणून तो ‘दोन’ म्हणेल, त्या दिवशी तो शब्द यादीत घ्या. म्हणजे नऊच.

दोन वर्षांच्या मुलाकडून ५० च्या आसपास शब्द आणि ‘बाबा गेले’, ‘पाणी दे’ अशा स्वतःच्या जोड्या अपेक्षित असतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये मुलांच्या वाढीच्या टप्प्यांचे आपले तक्ते बदलले आणि ५० शब्दांचा टप्पा ३० महिन्यांवर नेला. ते वाचून बरेच पालक निवांत होतात. ते तक्ते १०० पैकी किमान ७५ मुलांना त्या वयात जे जमतं त्यावर बेतलेले आहेत, त्यामुळे त्यातही मूल मागे पडत असेल तर थांबायला उलट कमी जागा उरते. आणि दोन शब्द जोडण्याचा टप्पा त्याच तक्त्यात २४ महिन्यांवरच आहे.

उशिरा बोलणाऱ्या मुलांतली निम्म्याहून जास्त पुढे बरोबरीला येतात, हेही खरं. कोणती येतील याचा अंदाज शब्दांच्या आकड्यावरून बांधता येत नाही. त्यासाठी समज, हातवारे आणि आवाजांची विविधता बघावी लागते. या तिन्ही गोष्टी तुम्ही घरी बघू शकता.

समज. ‘सगळं समजतं’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पालक म्हणतात, आणि ते बहुतेकदा अर्धंच खरं असतं. बाहेर जायच्या वेळी दाराशी उभं राहून ‘चप्पल आण’ म्हटलं तर मूल शब्द ऐकत नाही, प्रसंग वाचतं. तुमची नजर आणि हातही चपलेकडे गेलेला असतो. म्हणून हात मागे बांधा, वस्तूकडे बघू नका आणि त्या कामाची नेहमीची वेळ नसताना सांगा. तो खेळत असताना ‘बाबांची चप्पल आण’. जमलं तर ‘चेंडू घे आणि आजीला दे’. शेवटी एखादी विचित्र सूचना, जिचा अंदाजच करता येणार नाही: ‘अस्वलाला टोपी घाल’. दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमाराला दोन पायऱ्यांची साधी सूचना शब्दांवरून कळायला हवी.

हातवारे. हात धरून नेणं म्हणजे तुमच्या हाताचा वापर. बोट दाखवणं वेगळं. त्यातही ‘ते दे’ म्हणून दाखवलेलं बोट आणि ‘ते बघ’ म्हणून दाखवलेलं बोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरं जास्त मोलाचं. विमान दिसलं की बोट करून वळून तुमच्या तोंडाकडे बघतो का? हे नक्की पाहून लिहा.

आवाज. प, ब, म सहसा आधी येतात, मग त, द, न आणि क, ग. त्याच्या बडबडीत किती व्यंजनं येतात ते दोन दिवस टिपा. नुसते म, ब आणि स्वर असतील तर ते कमी आहे.

आता घरी काय करायचं.

पहिलं, ‘हे काय?’, ‘हा कुठला रंग?’, ‘आजीला म्हणून दाखव’ हे दोन आठवडे बंद. ही परीक्षा आहे, आणि परीक्षेत मूल गप्प बसतं. त्याऐवजी तो जे करतोय तेच एक-दोन शब्दांत बोला. तो गाडी ढकलतोय: ‘गेली! गाडी गेली.’ गाडी सोफ्याला धडकली: ‘पडली.’ पाच वेळा गेली तर पाच वेळा ‘गेली’. तुम्हाला कंटाळा येईल, त्याला येणार नाही.

दुसरं, शब्द निवडा. रंग, आकार, प्राणी, फळं यांचे तक्ते भिंतीवरून उतरवले नाहीत तरी चालेल, पण सध्या त्यांच्या मागे लागू नका. हत्ती हा शब्द येऊन रोजचं कुठलं काम होतं? कामाचे शब्द हे: दे, अजून, उघड, संपलं, पडलं, ये, वर, बस, काढ, थांब. ‘नको’ आणि ‘गे’ त्याच्याकडे आहेतच. जोड्या याच शब्दांतून तयार होतात: ‘मम्म संपलं’, ‘आजी ये’, ‘भुभू गेला’. नुसती नामं साठवलेली मुलं ५० शब्दांवर पोचूनही जोडणीपाशी अडकलेली दिसतात. आठवड्याला चार-पाच शब्द ठरवा, फ्रिजवर लावा, घरातल्या सगळ्यांनी तेच वापरायचे.

तिसरं आणि सगळ्यात अवघड, थांबणं. आरपार दिसणारा, घट्ट झाकणाचा डबा घ्या, आत चुरमुरे. डबा त्याच्यापुढे ठेवा. तो ओढेल, आपटेल आणि मग तुमच्याकडे देईल. डबा हातात धरा, तुमचं तोंड त्याच्या तोंडासमोर आणा, चेहऱ्यावर ‘बोल बरं’ असा भाव ठेवा आणि मनात सावकाश दहापर्यंत मोजा. त्याने नुसतं बघितलं, हुं केलं किंवा ‘उ’ म्हटलं तरी चालेल. लगेच ‘उघड!’ म्हणा, उघडा, चार चुरमुरे द्या, झाकण लावा. पुन्हा तेच. पाच-सहा फेऱ्या झाल्या की वाटीभर देऊन टाका.

हे फसतं ते ठरावीक तीन कारणांनी. एक, मोठी माणसं तिसऱ्या सेकंदाला स्वतःच बोलतात आणि त्याची पाळी खातात. दोन, ‘म्हण उघड, तरच देईन’ असं अडवून धरतात, मूल रडतं आणि डब्याचाच राग करायला लागतं. शब्द आला नाही तरी वस्तू द्यायचीच, हा नियम मोडू नका. तीन, भुकेल्या वेळी करतात. पोट निम्मं भरल्यावर करा.

चौथं, तो जेवढं बोलेल त्यात एकच शब्द घाला. तो ‘गे’, तुम्ही ‘बाबा गेले’. तो ‘बॅ’, तुम्ही ‘बत्ती लाव’. ‘बॅ नाही, बत्ती म्हण’ असं दुरुस्त करत बसू नका, बरोबर रूप नुसतं कानावर पडू दे. आणि उलट टोकाला जाऊन त्याच्यासारखं बोबडंही बोलू नका. लहान वाक्य चालेल, मोडका उच्चार नको.

हे तासभर बसून करायचं काम नव्हे. अंघोळ, कपडे, खाणं, झोपायच्या आधीची दहा मिनिटं, एवढ्यात भागतं. खेळणी नवी आणायची गरज नाही. तुळशीबागेतली भातुकली आणि एक बाहुली पुरे, कारण त्यात दे, घे, ओत, संपलं, अजून हे सगळं आपोआप येतं. बटण दाबलं की स्वतःच बोलणारी खेळणी मात्र माळ्यावर टाका. ती बोलतात तेव्हा घरातलं कोणी बोलत नाही.


श्रवणतज्ज्ञ_पेठ

‘पास’चा कागद जपून ठेवा, पण त्यावर आज विसंबू नका. बाळ जन्मल्यावर होते ती बहुधा ओएई. ती आतल्या कानातल्या केसपेशींचं काम तपासते. कानाच्या नसेचा दोष असेल तर ओएई पास होऊ शकते, आणि पुढे आलेला बहिरेपणा तर तिच्यात दिसणार कुठून? बाळ काचेच्या पेटीत पाच दिवसांपेक्षा जास्त होतं, काविळीसाठी रक्त बदलावं लागलं, मेंदूज्वर झाला किंवा घरात कोणाला लहानपणापासून कमी ऐकू येतं, यातलं काही असेल तर तपासणाऱ्याला आधी सांगा.

तुमच्या पोस्टमध्ये मला खटकली ती जूनपासूनची सर्दी. या वयात कानाच्या पडद्यामागे पाणी साठणं फार सामान्य आहे. दुखत नाही, कान वाहत नाही, ताप नाही, त्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही. साधारण २० ते ३० डेसिबलने ऐकू कमी येतं, म्हणजे कानात कापूस घालून दिवस काढल्यासारखं. दाराची बेल, कुकरची शिट्टी, मोठ्याने मारलेली हाक ऐकू येते. हळू आवाजातले स, श, फ आणि शब्दांची टोकं निसटतात. म्हणून थाळी वाजवून किंवा टाळी मारून केलेली घरगुती परीक्षा कुचकामी आहे. मोठा आवाज तर ऐकू येतोच, शिवाय टाळीची हालचाल आणि हवा मुलाला जाणवते.

घरी बघायचंच असेल तर असं करा. खोली शांत, पंखा बंद. मूल खेळात असताना त्याच्या मागे हातभर अंतरावर बसा आणि बोलण्याच्या आवाजात, शक्यतो हळू, एकेक आवाज काढा: आ, ई, ऊ, म्म, श्श, स्स. मध्ये थोडं थांबा. कशाला मान वळवतो किंवा खेळता हात थांबवतो, ते लिहा. शेवटच्या दोनांना काहीच हालचाल नसेल तर तपासणी पुढे ढकलू नका. सगळ्यांना प्रतिसाद दिला तरी तपासणी रद्द करू नका, हा फक्त अंदाज आहे.

तपासणीचा क्रम: आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी कानात बघायचं. मळ गच्च असेल तर तो काढूनच पुढे. मग इम्पीडन्स, म्हणजे पडदा आणि मधल्या कानाची तपासणी. कानात मऊ टोक बसवतात, मिनिट-दोन मिनिटांचं काम, मुलाला झोपवावं लागत नाही, पण रडणं आणि हलणं चालत नाही. आलेखात ‘ए’ आलं तर मधला कान ठीक, ‘बी’ म्हणजे सपाट रेघ, बहुतेकदा पाणी, ‘सी’ म्हणजे आत दाब कमी. त्यानंतर ओएई. या वयाला शुद्धीत करायची आणखी एक तपासणी असते: मूल मांडीवर, आवाज आला आणि त्याने मान वळवली की त्या बाजूचं खेळणं उजळतं. स्पीकरवर केली तर दोन कान वेगळे कळत नाहीत, एवढी तिची मर्यादा. शंका राहिली तर बेरा, म्हणजे आवाज कानाच्या नसेतून पुढे पोचतो का ते बघणारी तपासणी.

बेरा झोपेत होते आणि तासभर लागू शकतो. निम्म्या तपासण्या झोपेपायी वाया जातात. आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, गाडीत डुलकी घेऊ देऊ नका. एक जण गाडी चालवायला आणि एक जण मागे बसून जागं ठेवायला हवंच. आदल्या दिवशी केस धुवा, तेल अजिबात नको. कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवतात, ते तेलावर टिकत नाहीत. झोपेचं औषध देणार असतील तर किती वेळ उपाशी ठेवायचं ते विचारून घ्या आणि दवाखान्यातच द्या, घरून पाजून आणू नका. नाक गच्च वाहत असेल तर तारीख बदलून मागा, कारण मधल्या कानात पाणी असलं की ओएई फेल दिसते आणि घरात उगाच रडारड होते.

कानात कोमट तेल, लसूण घालून तापवलेलं तेल, इअरबड, सगळं बंद.


बालरोग_निवृत्त

वरच्या दोघांशी सहमत. राहिलेलं थोडक्यात लिहितो.

मुलगे मुलींपेक्षा सरासरीने उशिरा बोलतात, पण तो फरक महिन्या-दोन महिन्यांचा. त्यावर वर्ष काढू नये. बाबा उशिरा बोलला ही माहिती कामाची आहे, मात्र ती दिलासा म्हणून नाही. घरात उशिरा बोलण्याचा इतिहास असणं हे लवकर दाखवण्याचं कारण मानतात.

वेखंड आजपासून बंद करा. त्यात असारोन नावाचं द्रव्य असतं, प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने गाठी झाल्या म्हणून अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंड खाण्यात वापरायला बंदी घातली. लहान मुलांना त्याने उलट्या होतात. बोलणं सुधारतं याला भरवशाचा आधार नाही. सासूबाईंना दोष देऊ नका, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. ‘डॉक्टरांनी तपासणीपर्यंत थांबवायला सांगितलंय’ म्हणा, म्हणजे कोणाचा मान जात नाही. हाच पदार्थ वर्षाच्या आतल्या बाळाला देणारेही वाचत असतील, त्यांच्यासाठी: मधही चालत नाही, बोट्युलिझमचा, म्हणजे एका गंभीर विषबाधेचा धोका असतो.

टंग-टाय, म्हणजे खाली चिकटलेली जीभ. जीभ बाहेर काढल्यावर टोकाला बदामासारखी खाच पडते का, टोक वरच्या ओठापर्यंत जातं का, ते बघा. असलीच तरी तिच्यामुळे जिभेच्या टोकाचे काही उच्चार अडतात. शब्दांची संख्या कमी होत नाही. ‘आई’, ‘मम्म’, ‘बाबा’ म्हणायला जिभेचं टोक उचलावं लागतच नाही. नऊ शब्दांवर जीभ कापून घेऊ नका.

१६ ते ३० महिन्यांसाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची यादी असते, ऑटिझमच्या चाळणीसाठी. तुमच्या डॉक्टरांकडे भरा. ० ते २ गुण कमी धोका, ३ ते ७ ला पुढची मुलाखत, ८ आणि त्यावर थेट तज्ज्ञाकडे. ही चाळणी आहे, निदान नव्हे. एक गंमत, पालक भराभर सगळीकडे ‘हो’ करतात, पण २, ५ आणि १२ या प्रश्नांना ‘हो’ म्हटलं की गुण वाढतात. सावकाश वाचा. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’, म्हणजे मोबाइलमुळे ऑटिझमसारखी लक्षणं, हा शब्द सध्या फार फिरतो. निदानाच्या कुठल्याही अधिकृत यादीत तो नाही. तो ऐकवून दोन महिने मोबाइल बंद करा आणि मग या, असं कोणी सांगितलं तर मोबाइल जरूर बंद करा, पण तपासणीही त्याच आठवड्यात करा.

दूध किती पितो? अर्ध्या लिटरच्या वर असेल आणि वरण-भातावरच भागत असेल तर हिमोग्लोबिन बघून घ्या. टॉनिकने बोलणं येत नाही, पण लोह कमी असलेलं मूल मरगळलेलं राहतं.

आणि एक गोष्ट कोणत्याही वयात ताबडतोब दाखवायची: येणारे शब्द जाणं, हाकेला ओ देणं थांबणं.


सिंहगडरोडकर

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे बघितलं. गॅलरीतून विमान दिसलं की बोट करतो आणि वळून माझ्याकडे बघतो, हे नक्की. पण हात मागे बांधून सूचना दिल्या तर चित्र वेगळं दिसलं. ‘बाबांची चप्पल’ जमलं, ‘चेंडू घे आणि आजीला दे’ म्हटल्यावर चेंडू घेऊन तिथेच खेळत बसला, अस्वलाच्या टोपीला नुसता बघत राहिला. श्श आणि स्सला मान वळवली नाही. व्यंजनं म, ब, ग, न, ज. रात्री तोंड उघडं ठेवून झोपतो, घोरतो. नाक-कान-घशाची वेळ घेतलीय.

दोन प्रश्न. तीन भाषांमुळे गोंधळ होतोय का, सगळ्यांनी एकच बोलायची का? आणि पाळणाघर चालू ठेवायचं की बंद?


वाचाउपचार_कोथरूड

विमानाचं बोट ही चांगली खूण. दोन पायऱ्यांची सूचना निसटणं आणि स्स ऐकू न येणं मात्र एकमेकांना धरून आहेत, म्हणून ‘तिसऱ्या वाढदिवसापर्यंत थांबू’ हा पर्याय मी काढून टाकेन.

भाषांमुळे बोलणं उशिरा येत नाही. दोन-तीन भाषांतल्या मुलाचे शब्द सगळ्या भाषांचे मिळून मोजायचे. तो पाळणाघरात ‘दो’ आणि ‘खतम’ म्हणत असेल तर तेही धरा, मावशींना विचारा. दोष खरा असेल तर तो सगळ्या भाषांत दिसतो. एकच भाषा ठेवा हा जुना सल्ला अजून ऐकू येतो, विशेषतः ‘शाळा इंग्रजी आहे तर आता इंग्रजीच बोला’. तो मानू नका. ज्या भाषेत तुम्हाला लाडाने बोलता येतं, रागावता येतं, गोष्ट सांगता येते, ती बोला. तुमच्या घरात ती मराठी दिसतेय. फक्त ‘ॲपल इट कर’ अशी धेडगुजरी वाक्यं टाळा. त्यात त्याला ना मराठी क्रियापद मिळतं ना इंग्रजी.

उच्चारांची काळजी आत्ता नको. ‘काका’चं ‘ताता’, ‘रस्ता’चं ‘लत्ता’ हे पुढे बराच काळ चालतं. र, ळ आणि जोडाक्षरं सगळ्यात शेवटी बसतात. परक्या माणसाला दोन वर्षांच्या मुलाचं निम्मं, तीनला पाऊण आणि चारला जवळजवळ सगळं कळावं, एवढा अंदाज पुरेसा. शिट्ट्या, फुगे, ओठांना ब्रश चोळणं या व्यायामांनी बोलणं येत नाही. थेरपीत पहिला महिनाभर हेच चाललं असेल तर कारण विचारा.

थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, लाजू नका. आठवड्याला एक-दोन वेळा, अर्धा-पाऊण तास असं सत्र सहसा असतं. या वयाच्या मुलाला आत घेऊन पालकांना बाहेर बसवत असतील तर मला ते पटत नाही, कारण आठवड्यातले उरलेले सगळे तास तुमच्याकडे आहेत. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठाचं श्रवण आणि वाचाशास्त्राचं महाविद्यालय आहे. सरकारी वाटेने जायचं तर औंधच्या जिल्हा रुग्णालयात लवकर उपचाराचं केंद्र आहे. अंगणवाडीत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही तिथे पाठवू शकतं.


पाळणाघरताई_वारजे

पाळणाघर बंद करायची गरज नाही, पण ‘आपोआप बोलेल’ हेही विसरा. पंधरा मुलांत एक ताई असली की न बोलणारं मूल मागे शांत बसून राहतं आणि सगळे त्याला ‘गुणी’ म्हणतात. आपोआप होतं ते एवढंच की रांगेत उभं राहायला शिकतं.

मावशींशी बोलून दोन गोष्टी ठरवा. खाऊच्या वेळी दोन हातांत दोन वस्तू धरून ‘केला या बिस्किट?’ विचारायचं आणि त्याने बोट केलं तरी नाव घेऊनच द्यायचं. त्यांच्या हिंदीतच विचारू दे. दुसरं, सगळ्या मुलांत एकच पाणी पिण्याची वेळ न ठेवता त्याची बाटली दिसेल पण हाताला लागणार नाही अशी ठेवायची. मागायला कारण मिळतं. ‘इसको बोलना नहीं आता’ हे त्याच्यासमोर म्हणायचं नाही, तेही सांगा. आणि तिथे टीव्ही दिवसभर चालू असतो का, ते एकदा मधल्या वेळेत जाऊन बघा. फोनवर विचारलं तर नाहीच म्हणतात.

जेवतानाचा मोबाइल एकदम तोडला तर दोन-चार दिवस कमी खाईल. घाबरू नका, मुलं भरपाई करतात. आधी आवाज बंद, मग एकच जेवण मोबाइलशिवाय, शक्यतो सकाळचं, कारण रात्री सगळेच दमलेले असतात. आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल स्क्रीनच्या वेळेत धरत नाहीत. भारतीय बालरोग संघटनेच्या सूचनेत दोन वर्षांखाली स्क्रीन नाही, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही कोणी शेजारी बसून.


सिंहगडरोडकर

तपासणी झाली. इम्पीडन्समध्ये दोन्ही कानांत ‘बी’. ओएई दोन्ही बाजूंना फेल, डॉक्टर म्हणाले पाण्यामुळे असेल. बेरा नंतर बघू म्हणाले. ॲडेनॉइड, म्हणजे नाकामागच्या गाठी, वाढल्यात. तीन महिने थांबून पुन्हा इम्पीडन्स. औषध फारसं काही दिलं नाही, म्हणून घरी सगळे अस्वस्थ आहेत. दुसरं मत घ्यावं का? आणि तोवर थेरपी सुरू करायची की पाणी गेल्यावर?


श्रवणतज्ज्ञ_पेठ

औषध दिलं नाही म्हणून डॉक्टर बदलू नका. पडद्यामागच्या नुसत्या पाण्यावर अँटिबायोटिक किंवा सर्दीच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. बरंच पाणी तीन महिन्यांत आपसूक जातं, म्हणून थांबतात. मात्र बोलणं आधीच मागे आहे हे त्यांना ठळकपणे सांगा. अशा मुलात ऐकू किती येतं ते मोजून घेतात आणि गरज पडली तर कानात नळी घालण्याचा निर्णय थोडा अलीकडेही घेतात. तीन महिन्यांनंतरही दोन्हीकडे ‘बी’ राहिलं आणि ऐकू कमी येतंय हे तपासणीत दिसलं तर ग्रोमेट, म्हणजे हीच कानातली नळी, आणि ॲडेनॉइडचा त्रास असेल तर तेही त्याच वेळी, अशी चर्चा होईल. पाणी गेल्यावर ओएई पुन्हा करायचीच. तेव्हाही फेल आली तर बेरा टाळायची नाही. ‘पाण्यामुळे असेल’वर फाइल बंद करू नका.

थेरपी आत्ताच. तोवर घरी एवढं पाळा: बोलताना त्याच्यापासून हातभर अंतरावर, त्याच्या उंचीला बसून, उजेड तुमच्या तोंडावर पडेल असं. स्वयंपाकघरातून हाका मारू नका, जाऊन खांद्याला हात लावून बोला. मिक्सर, टीव्ही, एक्झॉस्ट चालू असताना महत्त्वाचं काही सांगू नका. ओरडू नका, त्याने शब्द फाटतो. नेहमीपेक्षा किंचित मोठा आणि सावकाश आवाज पुरतो. पाळणाघरात गोष्टीच्या वेळी त्याला ताईंच्या समोर पहिल्या ओळीत बसवायला सांगा. घरात किंवा गाडीत कोणी सिगारेट ओढत असेल तर ती बंद. बाटलीने दूध झोपवून पाजत असाल तर बसवून, आणि हळूहळू पेल्याने.


वाचाउपचार_कोथरूड

एक भर. थेरपीच्या पहिल्या भेटीला तीन गोष्टी न्या: कानाचे सगळे कागद, शब्दांची यादी तारखेसकट, आणि घरी खेळतानाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ. त्याच्या नकळत काढलेला, ‘म्हण ना’ न म्हणता. नव्या जागी पहिल्या दिवशी मुलं तोंड उघडत नाहीत, तेव्हा व्हिडिओच उपयोगी पडतो. यादीत नवा शब्द लिहिताना तो कुठे आणि कशासाठी म्हणाला तेही शेजारी लिहा. ‘उघड, चुरमुऱ्याचा डबा, स्वतःहून’ एवढं पुरे. दर पंधरा दिवसांनी यादी बघा. शब्द वाढत असतील पण सगळी नामंच असतील, तर फ्रिजवरचा कागद बदला.